रेवाबाईचं सगळं बोलणं

रिबेका गावित नवापूरच्या सीमेलगतच्या एका दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं नर्स होती. घरी मावची, शाळेत मराठी, डॉक्टरांशी इंग्रजी. त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं डोंगरातल्या माणसांना समजावणं तिच्याकडेच आलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका क्षयरोग्याला सांगताना तिने "औषध सोडलंस तर मरशील" एवढं वाक्य गाळलं. त्याची बायको शेजारीच बसली होती; रिबेकाची जीभ रेटली नाही. त्याने दोन महिन्यांत औषध सोडलं आणि तो गेला. त्यानंतर तिने कुणाचं काही गाळलं नाही.

निवृत्तीनंतर तिला दुभाषी म्हणून बोलावणं आलं. टेकडीवर पूर्वजांच्या आठवणीसाठी उभारलेल्या दगडांना वारसास्थळाचा दर्जा द्यावा का, हे पाहायला परदेशातून एक तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. दगडांवर कोरलेले घोडेस्वार त्यांनी वाकून वाकून पाहिले. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या रेवाबाईला विचारलं, "इथे लोक बघायला आले तर चालेल?"

रेवाबाई थांबत थांबत बोलली. बोलता बोलता तिने खालच्या सपाटीकडे हात केला. तिथे गाड्या लावण्यासाठी चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. ते पाहून सोबतचे अधिकारी रिबेकाच्या कानाशी आले.

"सिस्टर, त्यांची हरकत नाही, एवढंच सांगा. बाकीचं आपण नंतर बघू."

"साहेब, तसं त्या बोलल्या नाहीत," रिबेका म्हणाली, आणि मॅडमकडे वळून रेवाबाईचे शब्द इंग्रजीत सांगू लागली. "लोकांनी खुशाल यावं. पण त्या रेषांच्या आत माझी दोन मुलं पुरलीत. लहान होती, म्हणून त्यांना दगड नाहीत. त्यांच्यावरून चाक जाऊ देऊ नका."

'माझी'चं तिने 'त्यांची' केलं नाही.

मॅडमनी मुलांची नावं विचारली.

"थोरलीचं नाव नानी," रेवाबाई म्हणाली. "धाकट्याचं नाव ठेवायचं राहिलं."

रिबेकाने तेही सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं.

गाड्यांची जागा ओढ्यापलीकडे गेली. दर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. सपाटीजवळ चहाची टपरी टाकायला निघालेला चुनीलाल रिबेकाशी बोलेनासा झाला. पुढच्या पाहणीला दुसराच दुभाषी आला. ही बातमी रेवाबाईच्या नातीने आणली, तेव्हा रिबेका अंगणात तूर झोडत होती.

"त्याला आपली बोली येते ना?" तिने विचारलं.

"थोडीफार," नात म्हणाली.