सुलूताईला आम्ही सांगितलं, नुसतं बघणार आहेत

माझ्या थोरल्या बहिणीला दातांच्या एका डॉक्टरने फसवलं, आणि त्याला ते करायला मी लावलं. हे आधीच सांगून टाकतो. सुलूताईला जाऊन सहा आठवडे झाले आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस माझा हात धरून म्हणतोय, "भाऊ, तुम्ही बहिणीसाठी खूप केलंत." जलदानविधीच्या दिवशी हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी एका पाहुण्यावर सगळ्यांदेखत ओरडलो. लोकांनी समजून घेतलं, दुःखात माणूस असं करतो म्हणाले. दुःख होतंच... पण ओरडलो ते त्या वाक्यातलं खोटं सहन होईना म्हणून.

आमचे आईवडील लवकर गेले. मी सातवीत होतो आणि ताई नर्सिंग शिकून नुकतीच नोकरीला लागली होती. तिने मला मुंबईतल्या भाड्याच्या खोलीतून इकडे भाईंदरला आणलं, नवघरला एक छोटं घर घेतलं आणि लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मीच आहे हे मला ठाऊक होतं. माझं शिक्षण दहावीला थांबलं. पाडलेल्या इमारतींचे जुने दरवाजे, खिडक्या, ग्रिल घ्यायचे आणि विकायचे, असा धंदा मी काशीगावला हायवेच्या कडेला ताडपत्री टाकून सुरू केला. आज दोन गोदामं आहेत, कुणाच्या उपकाराची नाहीत. या धंद्यात अक्कल एवढीच लागते की समोरच्याला घाई आहे का ते ओळखायचं, आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी काही द्यायचं नाही. कुणी म्हणालं, "सेठ, अंदर असली सागवान है," की मी म्हणायचो, "अंदर का अंदर रखो, बाहर का बोलो." ताईला हे फार आवडायचं. "बाळ्या, तू मेल्यावरसुद्धा लाकडांसाठी घासाघीस करशील," म्हणायची आणि तोंडावर हात धरून हसायची. हात कायम असायचा तोंडावर.

तिची बरीच नोकरी उत्तनकडच्या दवाखान्यांत झाली. तिथल्या पाली गावच्या कोळणी पोरांना लशीसाठी घेऊन यायच्या. इतर सिस्टर पोरांना सांगायच्या, काही होत नाही, मुंगी चावणार. ताई चिडायची. "मुंगी कशाला? सुई आहे ती. एकदा फसवलंत की पोरगं पुढच्या वेळी हात देणार नाही." ती पोराला समोर बसवून सांगायची, दुखणार आहे, एवढंसं दुखणार आहे, मी तीन म्हटलं की टोचणार, रडायचं ते तीननंतर. आणि पोरं खरोखरच तीनपर्यंत थांबायची. तिच्या विधीला पालीची ग्रेसीमावशी आली होती. कोपऱ्यात बसून तिने शेजारणीला एवढंच सांगितलं, "माझी चार पोरं टोचली तिनं. खोटं बोलायची न्हाय, बाय." मी उठून बाहेर गेलो.

अशा या बाईला दातांच्या डॉक्टरची भीती होती. नुसती नावड नव्हे, भीती. दवाखान्यात दंत तपासणीचं शिबिर असलं की ती रजा टाकायची. त्या खुर्चीचं चित्र दिसलं तरी तिच्या वरच्या ओठावर घाम यायचा. लहानपणी गावच्या बाजारात चिमटेवाल्याकडून तिचा दात काढला होता, एवढंच मला माहीत होतं. सगळे तिची थट्टा करायचे, त्यात मी पुढे. "सिस्टर असून घाबरते!" ती हसण्यावारी न्यायची, दाढेत लवंग धरायची आणि दुसऱ्या बाजूने जेवायची.

नऊ वर्षांपूर्वी तिचा गाल सुजला. चार दिवस ती पेजेवर होती. मी भाईंदर पूर्वेलाच एका डॉक्टरकडे आधी एकटा गेलो, बोलणी करायला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, भीती एवढी असेल तर गुंगी देऊन करता येतं. शिरेतून औषध देतात, माणूस पूर्ण झोपत नाही, सांगितलेलं ऐकतो, पण भीती उतरते. त्यासाठी भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागेल, त्याची वेळ वेगळी, त्याची फी वेगळी. मी विचारलं, त्याच्याशिवाय दाढ निघत नाही का? निघते, म्हणाला. मग मी ते वाक्य बोललो. मला त्या वेळी ते फार हुशारीचं वाटलं होतं. "डॉक्टर, दाढ दिसते, तिचं देतो. भीती मला दिसत नाही." तो हसला. बाहेरची बाकं रिकामी होती, त्याला पेशंट हवा होता, हे मी आत शिरतानाच ओळखलं होतं. तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही त्यांना घेऊन या, सांगा नुसतं बघणार आहेत. बोलण्यात गुंतवून सुई देतो, कळणारही नाही." आम्ही हात मिळवले. मी जिना उतरलो तो शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात ताई थांबली. "बाळ्या, खरंच बघणारच आहेत ना?"

"नुसतं बघणार, ताई. मी आहे ना."

खुर्चीत बसल्यावर डॉक्टरही म्हणाला, "हां मावशी, आ करा, आरसा घालून बघतो फक्त." मदतनीस बाई म्हणाली, "कुछ नहीं मौसी, बस देखना है." तिघांनी सांगितलं म्हणून तिने तोंड उघडलं... आणि सुई दिसली. पुढचं फार लिहिता येत नाही. मदतनिसाने खांदे दाबले. हात मी धरले. ज्या हातांनी मला वाढवलं ते हात मी खुर्चीच्या दांड्याला दाबून धरले. दाढ चिमट्यात असताना तिने मान झटकली, दाढ अर्धी तुटली, अर्धी आतच राहिली. ती कापूस तोंडात धरून उठली. मी थांबवलेल्या रिक्षात बसली नाही. नवघरपर्यंत चालत गेली आणि मी तिच्यामागे दहा पावलांवर. डॉक्टरचा दोनदा फोन आला, उरलेला तुकडा काढून घ्या म्हणून. मी तिच्यापाशी तो विषयही काढू शकलो नाही.

ताई भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्या मुलांच्या वाढदिवसांना ती आली, आजारपणात उशाशी बसली, पण नऊ वर्षांत तिने कुणाही डॉक्टरपुढे तोंड उघडलं नाही. घसा बसला तरी नाही. ग्रेसीमावशी बोंबील पाठवायची, तेही ती कालवून गिळायची. तुटक्या दाढेचं टोक आत गालाला घासत राहिलं असणार. आम्हाला कुणाला कळलं नाही, कारण ती दाखवणार कुणाला? मला?

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या लक्षात आलं की ताईच्या तोंडात घास नीट जात नाही. मीरा रोडला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी ताईला खुर्चीत बसवलंच नाही, टेबलासमोर साध्या स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, "मी आधी सांगेन, मग करेन. हात वर केलात की थांबेन." गुंगीबद्दल सगळं सांगितलं, सुई कुठे टोचणार, किती वेळ, शेजारी भूलतज्ज्ञ काय बघत असतील, काय आठवणार नाही, काही वेगळं दिसलं तर तपासायला तुकडा घ्यावा लागेल हेही. ताई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "हे गुंगीचं आता नवीन निघालंय का?"

"नाही हो, पुष्कळ वर्षं आहे."

"नऊ वर्षांपूर्वी होतं?"

"होतं की."

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मोबाइल काढून उगाचच त्यात बघत बसलो. परतताना रिक्षात ती बाहेर बघत म्हणाली, "बाजारात त्या चिमटेवाल्यापुढे बसवताना बाबाही तसंच म्हणाले होते. नुसतं बघणार आहे." गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "पण बाबांपुढे दुसरा इलाज नव्हता रे."

एवढंच. यापेक्षा जास्त ती मला कधी बोलली नाही.

ठरलेल्या दिवशी गुंगीत ताईने तोंड उघडलं ते मी दाराच्या काचेतून पाहिलं. कपाळावर एक आठी नव्हती. हात मांडीवर सैल पडले होते. आणि डॉक्टरीणबाई, ज्या एकसारख्या तिच्याशी बोलत होत्या, त्या मध्येच गप्प झाल्या. नंतर ताई भानावर आली तेव्हा म्हणाली, "झालं? एवढंच?" आणि हसली. हात तोंडावर नेला नाही. "अजून काही करायचं असेल तर आत्ताच करून घ्या," म्हणाली. त्या वेळी खोलीत तिलाच तेवढं माहीत नव्हतं की गालाच्या आतून तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

कॅन्सर मानेपर्यंत पोचला होता. मी विचारलं, त्या दाढेमुळे झालं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, टोकाने वर्षानुवर्षं घासणं चांगलं नसतं एवढं म्हणता येईल. लवकर बघायला मिळालं असतं तर... पुढचे सात महिने मी कुणाशीच घासाघीस केली नाही. कशाची करणार? शेवटी ताईला बोलता येत नव्हतं. माझ्या मुलीची पाटी उशाशी ठेवली होती. एके सकाळी तिने लिहिलं, "खरं सांग. मी वाचणार का?"

मी म्हणालो, "हो ताई. बरी होऊन घरी जाशील."

तिने पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. मरेपर्यंत पुन्हा तिने मला काही लिहून विचारलं नाही.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या जुन्या डॉक्टरकडे गेलो. आता त्याच्याकडे तीन खुर्च्या आहेत आणि गुंगी देऊन उपचार होतात अशी पाटी दारावरच आहे. त्याला ताई आठवेना. मी आठवण करून दिली. तो शांतपणे म्हणाला, "पण भाऊ, मी सुचवलं होतं. तुम्हीच नको म्हणालात." खरं आहे. मी आवाज चढवला, बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले, आणि मी जिना उतरलो.

गेल्या रविवारी नवघरचं घर आवरायला घेतलं. बेसिनवरचा आरसा काढायला गेलो तर तो मला फार वर वाटला. मी ताईएवढा वाकून त्यात पाहिलं. कपाळ दिसतं, डोळे दिसतात, नाकाचा शेंडा दिसतो आणि तिथे आरसा संपतो. खाली भिंतीत जुन्या खिळ्याचं भोक चुन्याने बुजवलेलं आहे. केव्हातरी तिने तो स्वतः वर चढवला. मी त्या घरी दर आठवड्याला जात होतो, त्याच बेसिनवर हात धूत होतो.

आरसा मी काढलेला नाही. माझ्या वाटणीचं मी इथे लिहून दिलंय, त्यावर मला काही सवलत नको. पण डॉक्टर, सौदा मी केला तरी पेशंट मी नव्हतो. मी जुनी दारं विकणारा, मला भीती दिसली नाही. तुम्हाला दिसली होती, म्हणून तर तुम्ही तो उपाय सुचवलात. मग भिणारी बाई तुमच्यापुढे बसली होती, शुद्धीत होती, दवाखान्यात नोकरी केलेली होती... तिला एकदा का विचारलं नाहीत? मला उत्तर द्या. तुमच्या दवाखान्यात नको, इथे नवघरला या आणि त्या आरशासमोर उभे राहून द्या.