ब्लॉगवर टाकलेलं तिचं वाक्य

न्यूझीलंडला, ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागात मी स्वतःची वकिली सुरू केली तेव्हा ऑफिसात एक टेबल, तीन खुर्च्या आणि मी, एवढंच होतं. खाली टायरचं दुकान. विल, घरखरेदी, घटस्फोट अशी घरगुती कामं करायची ठरवली होती, पण माणसं येणार कुठून? नाशिकला वडील वकील होते. त्यांच्या काळी दारावर पाटी लावली की भागायचं. नवरा म्हणाला, "आता लोक पाटी नाही, फोन बघतात. तू ब्लॉग लिही."

लिहिला. "आमच्याकडे सर्व प्रकारची कायदेशीर सेवा तत्परतेने मिळेल," वगैरे. तीन लाइक आले. एक नवऱ्याचा, एक बहिणीचा आणि एक चुकून दाबलेला माझाच.

त्याच सुमारास ती आली. मूळची अमरावतीची, इथे एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. नवरा वारलेला, मुलगी आठ वर्षांची. तिला विल करायचं होतं. आपल्यामागे मुलीची पालक कोण, हे विलमध्ये लिहून ठेवता येतं. दीर-जाऊ ऑकलंडमध्येच राहत असूनही तिने ख्राइस्टचर्चच्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं. मी कारण विचारलं.

"जेवायला कुणीही घालेल हो, मॅडम," ती म्हणाली. "पण माझ्या पोरीला मराठीत रागावणार कोण? जाऊबाई घरात इंग्रजीच बोलतात."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आठवड्याभराने मी मुलांच्या पालकत्वावर पोस्ट लिहिली. तिचं नाव अर्थातच घातलं नाही. मुलीचा मुलगा केला, ऑकलंडचं टौरंगा केलं, हॉस्पिटलची बँक केली. वाक्य मात्र, 'पोरीला'चं 'पोराला' सोडलं तर, जसंच्या तसं ठेवलं, कारण पोस्टमध्ये जीव होता तो त्या वाक्यातच. दोन दिवसांत ती पोस्ट मराठी मंडळींच्या सगळ्या ग्रुपांवर फिरली. फोन यायला लागले. मी खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, ती बाई मीच ना?"

"हो," मी म्हटलं.

"जाऊबाईंनी वाचलं. हे वाक्य मी घरी शंभरदा बोलते. त्यांनी सरळ विचारलं, पालक म्हणून आमचं नाव नाही घातलंस ना?"

पोस्ट मी लगेच काढली, पण वाचलेलं कसं पुसणार? दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर तिला भेटले. बाकीचं सगळं बदललं होतं, अशी सफाई मनाशी तयार करून गेले होते. तिचा चेहरा बघितला आणि ती सफाई गिळली. "मी चुकले," एवढंच म्हटलं. मग वकिलांविरुद्ध तक्रार कुठे करतात तो पत्ता कागदावर लिहून तिच्या हातात दिला.

तिने पत्ता वाचला. "तुमचीच तक्रार करायला तुम्हीच पत्ता देताय?"

"तो तुमचा हक्क आहे."

तिने कागदाची घडी घालून युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. "बघते," म्हणाली आणि आत गेली.

पुढचे तीन आठवडे मी ब्लॉग उघडला नाही. रोज टपाल मात्र आधी तक्रारीचं पत्र आलंय का ते बघत उघडायचे. मग एका शुक्रवारी ती स्वतःच जिना चढून आली. दीर-जाऊ तिच्या घरी येऊन गेले होते. जाऊ आधी चिडली, मग रडली. म्हणाली, "माझीच मुलं मला इंग्रजीत उत्तरं देतात गं, तुझ्या पोरीला मी काय मराठी शिकवणार?" दीर मात्र अजून नीट बोलत नव्हते.

"तक्रार नाही केली," ती म्हणाली. "पण लोकांच्या गोष्टी लिहायच्या नाहीत."

"मग लिहू काय?"

"आम्हाला काय माहीत नसतं ते लिहा. विलला दोन साक्षीदार लागतात, मला ठाऊक नव्हतं. लग्न केलं की आधीचं विल सहसा रद्द होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी उडालेच होते. आणि सोपं लिहा. तुमचं ते 'तत्परतेने' कोण वाचणार?"

मी हसले. किती दिवसांनी हसले होते! आणि न राहवून तिला विचारलं, पोस्ट टाकण्याआधी एकदा वाचून द्याल का?

तेव्हापासून माझी प्रत्येक पोस्ट आधी ती वाचते. शिफ्ट संपल्यावर गाडीत बसून वाचते आणि जिथे अडेल तिथे नुसतं प्रश्नचिन्ह पाठवते. 'तदनुषंगाने'ला तीन प्रश्नचिन्हं आली होती. मुलीलाही एखादा परिच्छेद ऐकवते. तिचं उत्तर इंग्रजीतच येतं, "टू लाँग, आंटी." मग मी कापते. आता माझ्या पोस्ट हजारोंनी फिरत नाहीत, पण वाचून जी माणसं येतात ती नेमका प्रश्न घेऊन येतात. खुर्च्या कमी पडतात म्हणून जिन्याजवळ एक बाक टाकलाय.

दिरांनी बोलायला वर्ष घेतलं. ते बोलले म्हणून माझी चूक लहान होत नाही. तिने तेव्हा तक्रार केली असती तरी मला तिच्याविरुद्ध बोलायला तोंड नव्हतं. तिने त्याऐवजी मला लिहायला शिकवलं. हे उपकार मी कुठल्या शब्दांत सांगू?

हे लिहिण्याआधी अर्थातच तिला विचारलं. तिने सगळं वाचलं, दोन परिच्छेद काढायला लावले, आपलं गाव आणि काम स्वतःच बदलून दिलं. शेवटी ते मराठीत रागावण्याचं वाक्य आलं.

"हे राहू दे, ताई," ती म्हणाली. "आता मी सांगतेय."