रफूवाल्या काकूंचा लांबलचक शब्द

फाटक्या कापडातूनच दोरा ओढून काढायचा आणि भोक असं भरायचं की ते कुठं होतं हे कापडालाही आठवू नये, असं रफू करणाऱ्या काकू आमच्या गल्लीत एकट्याच. डावा डोळा लहानपणापासून नावालाच. सगळा कारभार उजव्यावर.

मध्यंतरी घरात सगळ्यांचे डोळे आले. नवऱ्याचे, लेकीचे बरे झाले. काकूंची लाली गेली, पण उजव्या डोळ्यापुढं धुकं राहिलं, आरशावर वाफ बसावी तसं. दवाखान्यात डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं, थेंब दिले. हे जाणार कधी, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, व्हायरस आहे, तुम्हाला नाही कळायचं.

ते काकूंना लागलं. दुखण्याचं नाव धड घेता आलं की उत्तरही धड मिळेल, असं त्यांनी मनाशी धरलं. लेकीनं दवाखान्याच्या कागदावरून व्हायरसचं नाव सांगितलं आणि तो लांबलचक शब्द उसवून दिला. केरॅटो, कंजंक्टि, व्हायटिस. सुईचं नाकं चाचपताना काकू तेच घोकत बसायच्या.

"माझं नाव कधी एवढ्या मायेनं घेतलं नाहीस," नवरा म्हणायचा.

"तुमचं एवढं अवघड नाही हो," काकू म्हणायच्या.

पुढच्या खेपेला खुर्चीत नवे, तरुण डॉक्टर होते. काय होतंय विचारताच काकू एका दमात म्हणाल्या, "केरॅटोकंजंक्टिव्हायटिस. अडिनोव्हायरसचा."

डॉक्टर खूश झाले. तुम्ही आमच्याच लाइनमधल्या दिसता, म्हणाले. काकूंनी मान हलवली, ना धड हो, ना धड नाही. मग डॉक्टर मोकळेपणानं बोलत सुटले. कॉर्निया, इन्फिल्ट्रेट, स्कारिंग आणि असलंच बरंच काही. एवढ्या आदरानं काकूंशी कुणी बोललं नव्हतं, आणि त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. शेवटी काही शंका आहे का, असंही त्यांनी विचारलं. दिसेल ना पुन्हा, एवढंच विचारायचं होतं. पण तो थोर शब्द उच्चारून झाल्यावर इतकं उघडं कसं विचारायचं? काकू नाही म्हणाल्या.

बाहेर नवरा बाकावरून उठला. "काय म्हणाले गं?"

"बोलू नका आत्ता." ओंजळीतलं पाणी न्यावं तसे त्या शब्द लेकीपाशी नेत होत्या, पुटपुटत, नवऱ्याच्या हाताला धरून जिना उतरत. कॉर्निया, स्कारिंग... खालच्या पायरीवर त्या थांबल्या.

"एक सुटला हो," त्या म्हणाल्या. "बरं होणार म्हणाले असतील तर त्यातच म्हणाले असतील."