दोरी कोण धरणार?

आमच्या ग्रुपचे किस्से मुद्दाम सांगायला कोणी बसत नाही. चहाचा ग्लास हातात आला की कोणीतरी म्हणतं, "तो पुण्याचा सर आठवतोय का?" आणि मग तासभर कोणी जागचं हलत नाही. त्यातले निम्मे किस्से एकाच खटाटोपाचे आहेत. मला ॲडव्हान्स स्कूबा शिकवायला धड माणूस शोधण्याचे.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी सुजाता, वलवणची. लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या पूलवर लाइफगार्ड आहे. विनोद मळवलीत तीन बंगले सांभाळतो, जीप त्याची. आणि किसनभाऊ कुरवंड्याचे, पन्नाशी ओलांडलेले. धरणात कोणी बुडालं की आम्हाला फोन येतो, आणि आजवर खाली जायचे ते किसनभाऊच. शर्ट काढायचा, कमरेला दोरी बांधायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि बुडी मारायची. सिलिंडर नाही, मास्क नाही.

मागच्या वर्षी ते खाली मासे धरायच्या फाटक्या जाळ्यात अडकले. वर आले तेव्हा नाकातून रक्त येत होतं. मी म्हणाले, "भाऊ, बास झालं आता. पुन्हा जायचं नाही." ते म्हणाले, "कुनाचं तरी लेकरू तितं खाली हाय आन् मी वर बसू व्हय? तुमच्यातलं कुनी तयार झालं की सांग. तवर मीच."

मी त्या दिवशी ठरवलं, पुढच्या पावसाळ्याच्या आत मी तयार होणार. साधा कोर्स माझा झाला होता, पण तो समुद्रात, निळ्याशार पाण्यात. आमच्या धरणात डोळ्यांपुढे धरलेला हात दिसत नाही.

* * *

पहिले गेलो ते पुण्याच्या सरांकडे. एसी ऑफिस, भिंतभर सर्टिफिकेटं. सर अर्धा तास कार्ड देणाऱ्या एजन्सींवरच बोलले. कुठली जुनी, कुठली स्वस्त, कुठल्या कार्डाला परदेशात मान. "हे कार्ड घ्या मॅडम. मालदीव, थायलंड, जगात कुठेही चालतं."

किसनभाऊ तोवर बिस्किट खात होते. त्यांनी विचारलं, "आमच्या धरणात चालतं का?"

सर हसले. भाऊ हसले नाहीत. आम्ही उठलो.

* * *

दुसरे सर भेटले, त्यांचा कोर्स दोन दिवसांचा. मोबाइलवर फोटो दाखवले, कासव, रंगीत मासे, अंगठा वर केलेली मंडळी. फोटो छान होते, खोटं कशाला बोलू. विनोदने साधा प्रश्न टाकला, "सर, पाण्यात काही दिसलंच नाही तर?"

"मग त्या दिवशीची डाइव्ह कॅन्सल."

विनोद माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, म्हणजे आपली वर्षभर कॅन्सलच की."

* * *

आता माझाच गाढवपणा सांगते. साधा कोर्स केला तेव्हा सकाळी समुद्रात दोन डाइव्ह झाल्या, दुपारी कार्डाचा फोटो काढला आणि लगेच जीपमध्ये बसून घाट चढलो. वर येऊन वडापाव खाल्ला. संध्याकाळपासून कोपर असं ठणकायला लागलं की कपबशी उचलवेना. मला वाटलं, बॅगा उचलून दुखतंय. आईने तेल चोळलं.

पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं, डाइव्ह केल्यावर त्याच दिवशी एवढं उंच चढायचं नसतं. हवेचा दाब कमी होतो, अंगात साठलेल्या वायूचे बुडबुडे होतात, कोपरावर निभावलं हे नशीब समजा. मी समुद्रावरच्या त्या सरांना फोन करून विचारलं, हे सांगितलं का नाही. ते म्हणाले, "तुम्ही लोणावळ्याला राहता हे मला काय माहीत?" फॉर्मवर पत्ता मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. मला असा राग आला म्हणून सांगू!

तेव्हापासून मी प्रत्येक इन्स्ट्रक्टरला पहिला प्रश्न एकच विचारायचे. "कोर्स संपल्यावर आम्ही घरी कसं जायचं?" एकाने एसटीचं टाइमटेबल सांगितलं. एकाने स्लीपर कोचवाल्याचा नंबर दिला, वर म्हणाला, माझं नाव सांगा.

* * *

विनोदचाही एक प्रश्न होता. "आजवर कोणाला नापास केलंय का?"

फोनवरचे एक सर या प्रश्नावर खुललेच. "छे छे, आमच्याकडे शंभर टक्के रिझल्ट. पोहता आलं नाही तरी पास करून देतो."

मी पूलवर काम करते. पोहता न येणारी माणसं कशी तडफडतात ते मला रोज बघावं लागतं. मी फोन ठेवून दिला.

फेब्रुवारी संपत आला होता. भाऊ येत्या पावसाळ्यासाठी दोरी काढून उन्हात वाळवायला लागले होते. त्यांचं ते काम दिसलं की मी आणखी एक नंबर फिरवायचे.

* * *

तांडेल सरांचा नंबर एका होडीवाल्याने दिला. मी माझा प्रश्न विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "राहता कुठे? म्हणजे घाट चढणार. मग शेवटच्या डाइव्हनंतर एक दिवस इथेच थांबायचं. कबूल असेल तर पुढे बोलू."

विनोदने नापासाचं विचारलं. "मागच्या बॅचला चारातले दोघे," ते म्हणाले. "त्यातला एक माझा भाचा. बहीण बोलत नाही माझ्याशी."

मी म्हटलं, "सर, एजन्सी कुठली?" त्यांनी नाव सांगितलं, आपला नंबर दिला. "एजन्सीच्या साइटवर बघ. लायसन्स चालू दिसलं तरच ये. पण एक लक्षात ठेव, पुस्तक आणि कार्ड एजन्सीचं. पाण्यात तुझ्याबरोबर मी उतरणार."

आम्ही तिघं गेलो. समुद्रातला भाग झाला, एक दिवस मुकाट थांबून घाट चढलो. काळ्या पाण्यातलं शोधकाम शिकवायला सर स्वतः परवानगीचा कागद घेऊन आमच्या धरणावर आले. मी सूट घालून तयार. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. विचारलं, "दोरी कोण धरणार?"

आजवर कुठल्या सरांनी हे विचारलंच नव्हतं. आम्ही किसनभाऊंकडे बघितलं. भाऊ म्हणाले, "मी? मी तर खाली जानारा मानूस हाय."

"मग वर कसं थांबायचं ते शिका," सर म्हणाले. पहिला अख्खा दिवस त्यांनी भाऊंनाच शिकवलं. एक झटका म्हणजे, बरी आहेस का? खालून एक झटका म्हणजे, बरी आहे. दोनदा विचारून उत्तर आलं नाही की सावकाश ओढून घ्यायचं, विचार करत बसायचं नाही. मी काठावर बसून चिडत होते.

* * *

परीक्षेला सरांनी पाण्यात वाळूने भरलेलं पोतं टाकलं. मी खाली, सर माझ्या बाजूला, दोरीचं टोक वर भाऊंकडे. गाळात हात घालून चाचपडत होते. अर्ध्या तासाने पोतं हाताला लागलं! त्याच वेळी भाऊंनी झटका दिला. मी म्हटलं, आधी गाठ मारू. दुसरा झटका आला. गाठ निम्मी झाली होती. तेवढ्यात भाऊंनी दोरी ओढायला घेतली आणि मी वर निघाले, पोतं तिथेच.

वर येऊन मी तोंडातला रेग्युलेटर काढून ओरडले, "भाऊ, सापडलं होतं मला!"

भाऊंनी दोरी अजून सोडली नव्हती. "तू बोलली न्हाईस," ते म्हणाले.

तांडेल सरांनी तिथेच निकाल सांगितला. "दोरीवाले पास. तू नापास."

मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उतरले, पुन्हा पोतं शोधलं, आणि प्रत्येक झटक्याला उत्तर दिलं.

* * *

जुलैत फोन आला. कॉलेजची मुलं आली होती, त्यातला एक गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे वडील काठावर चिखलातच बसले होते. मी सिलिंडर चढवत होते. विनोद गर्दी मागे सारत होता.

किसनभाऊ नेहमीसारखे पाण्यापाशी गेले. पाण्याकडे बघत त्यांनी शर्टाची बटणं काढली. मग एकेक करून परत लावली, माझ्याकडे वळले आणि हात पुढे केला.

"आन ती दोरी."