कोठीच्या दारावरचं गणित

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. निवडून झाल्यावरच उठले. अर्धं टाकलेलं काम त्याला आवडायचं नाही...

मधू माझा धाकटा भाऊ. अंबाजोगाईला कॉलेजात गणित शिकवायचा, सुट्टीत घाटनांदूरला माझ्याकडे यायचा. माझी शाळा चौथीपर्यंत, पण त्याचं गणित मला समजायचं. कोणताही आकडा घ्या. सम असला तर निम्मा करा, विषम असला तर तिप्पट करून एक मिळवा. असं करत गेलं की शेवटी एक येतो. पण तो नेहमीच येतो का, हे जगात कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. मधूला वाटलं, आपल्याला आलं. पेपरात बातमी छापून आली. तेव्हा दुष्काळ होता, सहकारी साखर कारखान्याने जनावरांची छावणी उघडली होती. माणसं तिथेच जमतात म्हणून चेअरमननी सत्कारही तिथेच ठेवला.

सत्काराच्या सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "अक्का, एक पायरी चुकली. सुटलं न्हाई."

"मग आज गप बस. शाल घे, उद्या सांग. इथं कोणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

मंडपात त्याने तेच सगळ्यांसमोर सांगितलं. मी नवं लुगडं नेसून पुढे बसले होते. मान वर करवेना. चेअरमन हार धरून तसेच उभे, मागे दावणीला छावणीतली एक गाय. "सर, आता ह्याचं काय करू?"

"गाईला घाला. उपाशी हाय ती."

आधी चेअरमनच हसले, मग मंडप हसला. हार गाईने खाल्ला.

टँकरच्या रांगेत बाया मला टोमणे मारायच्या. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. तर हा स्वतःच रांगेत येऊन बसला आणि खडे मांडून गणित दाखवू लागला. शेजारची कौसल्या म्हणाली, "एकावर न्हाई आलं तर माझा हंडा तुमी उचलायचा, सर." बाया मुद्दाम अवघड आकडे काढायच्या. त्याला एकदाही हंडा उचलावा लागला नाही.

"मग खरंच हाय की तुमचं," कौसल्या म्हणाली.

"आपण मांडलं तेवढ्यापुरतं," तो म्हणाला. पुढे कोणी सत्काराचं काढलं की विचारायचा, कशाचा? आणि परत गणिताला बसायचा, शेवटपर्यंत.

माझ्या कोठीचं दार त्याच्या खडूने भरलेलं आहे. पाहुणे म्हणाले, रंगवून घ्या. परवा पाहिलं तर त्याच्या ओळींखाली सुनेच्या हातची नवी ओळ होती. भाकरी थापता थापता उठली असावी, दाराला पीठ लागलंय. तिने सत्तावीस घेतलाय. तो लई लांब जातो.

अजून एकावर आलेला नाही. मी खडू आणून ठेवलाय.