गडगड्याचा वारा

आमच्या नाटक मंडळीत पाऊस, वीज, घोडे आणि रडणारी तान्ही बाळं असं सगळं एकच माणूस पुरवायचा. त्याला आम्ही गडगड्या म्हणायचो. विंगेत उभा राहून तो पत्रा हलवायचा आणि पहिल्या रांगेतली माणसं नकळत वर छताकडे बघायची. त्याच्या पावसात मी उमेदीची सगळी वर्षं भिजलो, ओला मात्र कधी झालो नाही. एकच गोष्ट त्याला कधी साधली नाही, ती म्हणजे वारा. तो तोंडाने फुंकायचा आणि ऐन वादळात त्याला ठसका लागायचा. मग आमच्यापैकी कुणीतरी रंगमंचावर खोकून वेळ मारून न्यायचं.

पुढे पत्रा गेला, घरात कॉम्प्युटर आला. गडगड्याचा बाणा मात्र तोच. आवाज आपण करायचा, आपणच रेकॉर्ड करायचा. तयार आवाज वापरणं म्हणजे त्याच्या लेखी दुसऱ्याची कवळी तोंडात घालणं.

यंदा त्याच्या पुतणीने नाटक बसवायला घेतलं आणि त्यातलं वादळ काकांवर सोपवलं. तालमीत वीज कडाडायच्या जागी कॉम्प्युटर अडकला. कड्-कड्-कड्-कड्, थांबायचं नावच घेईना. वीज पडून मरणाऱ्या नटाला कळेना, ती पडून गेली की अजून पडायची आहे. बिचारा तीनदा मेला.

पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, रंगीत तालमीतही असंच झालं तर मी तयार आवाज घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनींचा फोन. "भावोजी, ह्यांना कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन जा. कालपासून त्या डब्यापुढे बसून त्याला धीर देतायत."

आम्ही तो डबा शालीत गुंडाळला आणि भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीतून नेला. काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, "यावर काय करता आजोबा?"

"वादळ."

"म्हणजे गेम?"

"नाही हो. पाऊस, वीज, दारं, खिडक्या, सगळं एकदम."

बाईंनी झाकण उघडलं. आत वाटाणे होते.

"तो पाऊस," गडगड्या म्हणाला. "चाळणीतून ओतताना सांडतो थोडा."

बाईंनी चिमट्याने पाऊस वेचला. "हे बघा, उघडलेले सगळे आवाज मेमरीत मावायला लागतात. तुमची मेमरी अगदीच तोकडी आहे, म्हणून अडकतं. आठ-आठ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घाला, जोडीने चांगल्या पळतात. प्रोसेसर आहे तोच चालेल."

गडगड्याचा चेहरा उतरला. "म्हणजे नुसतं स्टेज रुंद करायचं? आणि नायक तोच?"

"अरे, नायक बरा आहे म्हणतायत ना त्या," मी म्हणालो.

"तू असंच म्हणणार. तू नायक होतास."

बाई हसल्या. "तुमच्या बोर्डावर बसेल असा एक दणकट प्रोसेसर आहे माझ्याकडे. पण तो तापतो फार. त्याला मोठा पंखा लागतो आणि पंखा बोलतो."

"बोलू दे. नायक आहे तो."

पट्ट्याही घेतल्या, नायकही घेतला.

रंगीत तालीम सुरू झाली. पाऊस लागला, त्यात दारं आपटली, खिडक्या वाजल्या. कुठे काही अडकलं नाही. पण कामाचा बोजा वाढला तसा नायक तापला आणि पंखा घुमू लागला. आधी हुंदक्यासारखा, मग लांब घळीतून आल्यासारखा, मग थेट शेवटच्या रांगेपर्यंत. गडगड्या पांढराफटक पडला. वीज वेळेवर पडली, नट एकदाच आणि व्यवस्थित मेला, पण तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"थांबा," अंधारातून पुतणी म्हणाली. सगळे थांबले. पंखा नाही थांबला.

"काका, हा वारा कसा केलात?"

गडगड्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरीच वर्षं मनात होता," तो म्हणाला.

पहिल्या प्रयोगाला आम्ही दुकानातल्या बाईंना बोलावलं. पडदा पडल्यावर त्या विंगेत आल्या, डब्याला कान लावला आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. "आजोबा, पंख्याचा एक स्क्रू सैल राहिलाय. आवळते, म्हणजे गप्प होईल."

गडगड्या दोन्ही हात पसरून डब्यापुढे उभा राहिला.

"बाई, हवं तर माझी कवळी आवळा," तो म्हणाला. "त्याला हात लावायचा नाही."