इनामदार कंडक्टर टीव्हीवर

सुदामराव इनामदारांच्या पणजोबांकडे पाच गावं इनाम होती. सुदामरावांकडे एसटीच्या तिकिटांची पेटी होती. मधे काय झालं ते सरळ आहे. कूळकायदा आला, जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर गेल्या आणि शेणव्याच्या पुढच्या गावात या घराला उरलं ते चार एकर भात, एक तलवार आणि 'सरकार' ही हाक.

शहापूर-मुरबाड गाडीवर त्यांनी बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. मी किन्हवलीच्या शाळेत शिकवायचो, त्यामुळे रोजचा प्रवासी. "सरकार, दोन फुल एक हाफ," असं लोक मान लववून म्हणायचे. चांगो नावाचा एक म्हातारा तर सरकार उभे असताना सीटवर टेकायचाच नाही. वळण आलं की धडपडायचा. शेवटी तो चढला रे चढला, की सुदामरावच आधी बसून घ्यायचे. मग तो बसायचा आणि मागच्या लोकांची तिकिटं हातोहात पुढून यायची. पण गप्पा मारत बसायचं तर ते सुदामरावांनीच. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या म्हशीला काय झालंय, सगळं त्यांना ठाऊक.

निवृत्तीनंतर वर्षभरानं मुंबईच्या एका वाहिनीची रुपा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. जुन्या घराण्यांवर कार्यक्रम करायचा होता. तिनं राजवाडा मनात धरला असावा. समोर पत्र्याचं घर, आणि दारात सुदामरावांची बायको, प्रेमाताई.

"सरकार आहेत का?"

"हायत ना. म्हशीला धुतायत. बसा."

रुपानं त्यांना फेटा बांधला, खुर्चीत बसवलं आणि तलवार म्यानातून काढायला सांगितली. तलवार हलेना. सुदामरावांनी मूठ धरली, कॅमेरावाल्यानं म्यान धरलं, दोघांनी जोर लावला. मूठ सुटली आणि सरकार खुर्चीसकट मागच्या पेंढ्यात. फेटा डोळ्यांवर आलेला. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "पणज्यानं काढली नाय, आज्यानं काढली नाय, आता माझ्याच टायमाला कशाला निघंल ती?"

हे एवढंसं चित्रण महिनाभर फोनाफोनांतून फिरलं. वाहिनीनं त्यांना तेरा भागांचा कार्यक्रमच दिला. नाव 'सरकार पाहुणे'. सुदामरावांनी गावोगाव कुणाच्याही घरी जायचं, जेवायचं आणि बोलायचं. म्हणजे बत्तीस वर्षं जे केलं तेच, फक्त तिकीट न फाडता.

लोकांनी डोक्यावर घेतलं. शहापूरच्या बाजारात त्यांना वांगी घेता येईनात, वाशिंदच्या कारखान्यातले लोक गाडी थांबवून फोटो काढू लागले. प्रेमाताईंची तक्रार मात्र वेगळी होती. "टीव्हीत लोकांची नाचणीची भाकर गोड लागते, आन घरात बसले का मीठ कमी हाय!"

नवव्या भागाला ते शेणव्यापलीकडच्या वाडीत लहानीबायच्या घरी गेले. लहानीबाय ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, बोलायला खणखणीत. तिनं कंदाची भाजी वाढली. सुदामराव सारवलेल्या जमिनीवर ऐसपैस बसले आणि सहज विचारलं, "लहानीबाय, आमच्या घरातलं तुला काय आठवतं गो?"

"सांगू?"

"सांग ना."

"माझा बा तुमच्याकडं वेठीला होता. बहिणीच्या लग्नाला एक दिस गेला न सांगता. तुमच्या आज्यानं त्याला आंगणात उनात उभा केला. डोक्यावर जात्याची तळी. सकाळपासून दिस बुडंपर्यंत. मी पाणी घेऊन गेलती, एवढीशी. मला पाणी पाजू दिला नाय."

एवढं सांगून तिनं त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. ज्या माणसाला कधी शब्द कमी पडला नाही, तो खाली मान घालून बसून राहिला. रुपानं कॅमेरा बंद करायची खूण केली. "सर, हा भाग कापून टाकू. काळजी करू नका."

"कापा," सुदामराव म्हणाले.

कशी कुणास ठाऊक, बातमी मुरबाडला पोचली. तिथून थोरले चुलतभाऊ भगीरथराव यांचा फोन आला. घराण्याची अब्रू वगैरे बरंच बोलले. कापलंय म्हटल्यावर शांत झाले. सुदामरावांना मात्र जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी ते एकटेच वाडीत गेले. तिला सांगायला हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"लहानीबाय, तू बोललीस ते टीव्हीत दिसायचं नाय. कापलंय."

लहानीबाय सुपात तांदूळ पाखडत होती. ती थांबली नाही. "कापा ना. तुमचाच हाय टीव्ही."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, असं सुदामराव मला नंतर म्हणाले. वाडीच्या उतारावरूनच त्यांनी रुपाला फोन लावला. "तो भाग ठेवा. आन मी मुका बसलोय तेही ठेवा. एक शब्द कापू नका."

"सर, लोक तुम्हालाच नावं ठेवतील."

"ठेवू द्या. आमच्या घराला फार दिवस कुणी नावं ठेवलेली नायत."

भाग दाखवला गेला. काहींनी वाहवा केली, काहींनी शिव्या घातल्या. भगीरथरावांनी बोलणं तोडलं, ते अजून तुटलेलंच आहे. सुदामरावांच्या मुलानं, किशोरनं, "बाबा, हे आम्हाला कधी सांगितलंच नाय," म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "मला तरी कुणी सांगितलंवतं?"

दिवाळी झाल्यावर प्रेमाताईंनी स्वतः जाऊन लहानीबायला घरी बोलावलं. वाडीतलं माणूस या घराची पायरी कधी चढलं नव्हतं. लहानीबाय चढली, ओटीवर खुर्चीत बसली, चहा बशीत ओतून प्याली. मग म्हणाली, "ती जागा दाखवा."

सुदामराव आणि प्रेमाताईंनी तिला अंगणात नेलं. तिथं आता म्हशीची गव्हाण आहे. ती गव्हाणीजवळ जाऊन उभी राहिली. मग चहूकडे मान फिरवून म्हणाली, "लहानच हाय की गो आंगण! मला केवढं मोठं वाटायचं."

आणि प्रेमाताईंचा हात धरून, कुडावर चढलेल्या वालाच्या वेलाची पापडी खुडू लागली.